झाकणावरचा माणूस

ही गोष्ट मी कुणाकडून ऐकलेली नाही. मित्राच्या मित्राच्या काकांना आलेला अनुभवही नाही. मी तिथे होतो. माझे भाऊजी तिथे होते. आणि आत्ता हे लिहितोय ते त्यांच्याच घरात, बाहेरच्या खोलीत बसून.

भुताच्या गोष्टी मध्यरात्री घडतात म्हणे. ही भर दुपारी सुरू झाली. जेवणं उरकली होती, ऊन डोक्यावर होतं, धक्क्यावर माणसांची ये-जा चालू होती. अंधारात भास झाला असेल असं म्हणायचीसुद्धा सोय नाही.

आधी आमचा धंदा सांगतो. नाक मुरडायचं असेल तर आत्ताच मुरडून घ्या.

आम्ही बोटींचे संडास सांभाळतो.

आम्ही म्हणजे मी आणि माझ्या ताईचे मिस्टर. बोटीवर माणूस संडासाला जातो, कळ दाबतो आणि विसरतो. पुढे ते सगळं बोटीच्या पोटात एका लोखंडी टाकीत जाऊन पडतं. ती टाकी उपसायची, धुवायची, पंप खोलायचा, नळ्या बदलायच्या. आणि मुख्य म्हणजे वास येऊ द्यायचा नाही. काम नीट झालं तर आम्ही येऊन गेलो हे कुणाला कळतही नाही. लग्नकार्यात कुणी विचारलं की तुम्ही काय करता, तर भाऊजी अगदी गंभीर चेहऱ्यानं सांगायचे, "पर्यटन खात्याच्या मागच्या बाजूला असतो." ताई त्यांना कोपरानं ढोसायची.

या धंद्यात टाकीत एकट्यानं उतरत नाहीत. एक उतरला की दुसरा झाकणाशी उभा राहतो. त्याला आम्ही 'वरचा' म्हणतो.

आत अंधार असतो, तोंडावर मुखवटा असतो, पंख्याचा आवाज असतो. हाक मारून काही ऐकू जात नाही. म्हणून ठोके. आतल्यानं पान्यानं लोखंडावर दोन ठोके द्यायचे आणि वरच्यानं दोन परत करायचे. मी आहे, तू आहेस ना? एवढाच त्याचा अर्थ. न थांबता ठोके आले तर आतल्याच्या कमरेला बांधलेली दोरी ओढायची.

आणि एकदा उत्तर दिलं की आतला बाहेर येईपर्यंत वरच्यानं हलायचं नाही. फोन वाजू दे, पाऊस येऊ दे. नाही म्हणजे नाही.

उतरणारा आपले रोजचे बूट झाकणापाशी काढून ठेवतो, टोकं झाकणाकडे करून. येणाऱ्याला बघितल्याबरोबर कळतं की आत माणूस आहे.

अजून एक गोष्ट, मग मुद्द्यावर येतो. लोक आमच्याकडे वासाची तक्रार घेऊन येतात. आम्ही वासाला घाबरत नाही. टाकीत जो विषारी वायू साचतो, तो थोडा असला की सडक्या अंड्याचा वास येतो. जास्त झाला की नाकच बंद पडतं. वाटतं, चला, वास गेला. आणि दोन श्वासांत माणूस आडवा होतो.

म्हणून आमच्यात वास असेपर्यंत कुणी घाई करत नाही. वास गेला की पळतात.

मी या धंद्यात आलो तो ताईमुळे. भाऊजींचा आधीचा जोडीदार काम सोडून गेला तेव्हा तिनं मला घरी बोलावलं. जेवू घातलं, आणि हात पुसत म्हणाली, "दुसऱ्या कुणाच्या भरवशावर मी ह्यांना खाली सोडणार नाही. तू वर उभा राहा. संध्याकाळी ह्यांना घरी घेऊन ये. बाकी मला तुझ्याकडून काही नको."

तेव्हापासून माझं काम तेवढंच. भाऊजींना घरी आणणं.

भाऊजींच्या ठोक्याची एक गंमत होती. त्यांचा हात हलका. दुसऱ्या ठोक्यानंतर पाना लोखंडावर जरासा घसरायचा. ठक... ठक्-किर्र. घरी आले की दारावर किल्लीनंसुद्धा तसंच वाजवायचे. ताई आतूनच ओरडायची, "आले. दार खरवडू नका, रंग जातोय."

तर ती बोट.

जुनी प्रवासी बोट होती. फेऱ्या बंद झाल्यावर एका बाईंनी ती घेतली आणि धक्क्याला कायमची बांधून तिचं लॉज केलं. वर खोल्या, खाली जेवणाचा हॉल. सगळं चकचकीत, खिडक्यांना पांढरे पडदे. पण दुपार झाली की हॉलमध्ये वास सुटायचा. जेवणारे ताट सोडून उठायचे.

"सगळे उपाय करून झाले," मालकीणबाई म्हणाल्या. "अत्तरं, उदबत्त्या, लिंबं. काल एक गिऱ्हाईक मला म्हणालं, आता लिंबू घातलेल्या संडासाचा वास येतोय."

भाऊजी हसले. "खरं बोललं बिचारं."

आम्ही कामाला लागलो. चालू टाकी मागच्या बाजूला होती. ती उपसली, धुतली, ठीकठाक निघाली. मग नळ्या. रबरी नळी जुनी झाली की वास अंगात मुरवून घेते. गरम पाण्यात फडकं पिळून नळीभोवती गुंडाळायचं, गार झालं की फडक्याचा वास घ्यायचा. आलाच तर नळी बाद. भाऊजी एकेक फडकं नाकाला लावून माझ्याकडे द्यायचे, "मेहुणे, हे घ्या, तुमच्या लग्नातलं अत्तर."

एकाही फडक्याला वास नव्हता.

बेसिनच्या खालची वाकडी नळी कोरडी पडली की तिथून वास वर येतो. तीही बघितली. तळाशी साचणारं पाणी बघितलं. सगळं स्वच्छ.

आणि तरी हॉलमध्ये वास होता. पुढच्या भिंतीजवळ जास्त.

भाऊजींनी भिंतीवर बोटं वाजवली. लाकडी फळ्या होत्या, मागे पोकळ. फळ्या काढल्या. मागे एक अडगळीची खोली निघाली, दोन माणसं जेमतेम मावतील एवढी. खिडकी नाही. आणि जमिनीत एक गोल लोखंडी झाकण, कडेनं बोल्ट.

पुढची टाकी. मालकीणबाईंना तिचा पत्ताही नव्हता.

टाकीला हवा लागते. वर डेकपर्यंत एक नळी नेलेली असते, तिच्यातून टाकी श्वास घेते. हवा मिळाली तर आतली घाण गपगुमान पडून राहते. नाही मिळाली तर सडते आणि वास मिळेल त्या फटीतून बाहेर काढते. भाऊजी डेकवर गेले आणि नळीचं तोंड शोधलं. कुणीतरी त्यात लाकडी खुंटी ठोकून वर रंग मारला होता. एक थर नाही, थरावर थर.

"असं कोण करतं?" मी म्हणालो. "वास बंद करायला नाक कापल्यासारखं झालं."

"वास बंद करायला नसेल," भाऊजी म्हणाले. एवढंच म्हणाले आणि खुंटी उपटली.

झाकण उघडलं. पंखा लावून टाकीला भरपूर हवा दिली. वायू मोजायचं मीटर दोरीनं आत सोडलं. वायू नाही. दिवा सोडून बघितलं.

टाकी रिकामी होती. नुसती रिकामी नाही, कोरडी. तळाला गंजाची पावडर. वास सुटायला आत काही नव्हतंच.

"म्हणजे वास येतोय कशाचा?" मी विचारलं.

"तू पंखा बंद करून मोठा दिवा घेऊन ये," भाऊजी म्हणाले. "सांधे बघूया."

मी वर गेलो. पंखा बंद केला. दिव्याची वायर गुंडाळत होतो, तेवढ्यात एक खलाशी दोन शब्द बोलायला थांबला. फार वेळ नाही. मग जिना उतरायला लागलो.

जिन्याच्या मध्यावर आलो आणि पाय थांबले.

का थांबले ते आधी कळलंच नाही.

मग कळलं...

वास नव्हता.

हॉलमधला तो वास नव्हता. स्वयंपाकघरातून तळणाचा येत होता तो नव्हता. माझ्या हाताला रॉकेल लागलेलं होतं, हात नाकाशी नेला. काही नाही.

मी दिवा टाकून धावलो.

भाऊजी झाकणाशी गुडघ्यावर बसलेले होते. अगदी शांत. हातात पाना. त्यांनी नुकतंच लोखंडावर वाजवलं होतं, मी ते धावताना ऐकलं. ठक... ठक्-किर्र.

पावलं ऐकून त्यांनी मान वळवली. मला बघितलं. मग झाकणाच्या भोकाकडे बघितलं. मग परत माझ्याकडे.

"तू इथे?" ते म्हणाले.

"मग कुठे असणार?"

"मग आत कोण आहे?"

मी झाकणाच्या भोकाकडे बघितलं.

"मी हातपाय धुऊन आलो," भाऊजी हळू आवाजात सांगायला लागले. "इथे बूट होते. झाकणाकडे टोकं करून. मी म्हटलं, गाढव मला न सांगता उतरलं. तेवढ्यात आतून दोन ठोके आले. मी उत्तर दिलं."

"कुठे आहेत बूट?"

भाऊजींनी बोट दाखवलं. तिथे बूट नव्हते. कोरड्या पत्र्यावर दोन ओले ठसे होते, शेजारी शेजारी. आमच्या डोळ्यांदेखत ते सुकत गेले.

मी त्यांना बाजूला ओढलं, तिथलाच छोटा दिवा आत धरला, डोकं घालून बघितलं. कोपरा न् कोपरा बघितला. रिकामी. मीटर बघितलं. वायू नाही.

आम्ही झाकण लावलं. बोल्ट आवळले. माझ्या हातून पाना दोनदा निसटला.

शेवटचा बोल्ट बसला...

आणि झाकणाखालून दोन ठोके आले.

भाऊजींचा हात आपोआप उठला. मी तो धरायच्या आत त्यांनी उत्तर देऊन टाकलं होतं. मला म्हणाले, "सवय रे." आणि हसायचा प्रयत्न केला. मला ते हसणं अजून दिसतं.

धक्क्यावर एक म्हातारा राखणदार होता. याच बोटीवर त्याचं आयुष्य गेलेलं. फळ्या उचकटलेल्या बघून तो खोलीच्या दारातच उभा राहिला, आत आला नाही.

"उत्तर दिलंत?" त्यानं विचारलं.

भाऊजींनी मान डोलावली.

तो सांगत गेला. फेऱ्या चालू होत्या तेव्हाची गोष्ट. टाकी धुवायला एक माणूस उतरला होता. त्याचा वरचा चहा प्यायला गेला. आतला वाजवत राहिला. आधी दोन-दोन, मग न थांबता. वर पत्त्यांचा डाव रंगला होता, कुणाला वाटलं इंजिनाचा आवाज.

"त्याला काढलं मग," म्हातारा म्हणाला. "सगळ्यांसमोर काढला, घरच्यांच्या ताब्यात दिला. मी खांदा दिलाय. पण वाजायचं थांबलं नाही. शेवटी नळीत खुंटी मारली, फळ्या ठोकल्या. ऐकायला गेलं नाही म्हणजे उत्तर द्यायचा प्रश्न नाही."

"आणि कुणी उत्तर दिलं तर?" मी विचारलं.

"आजवर कुणी दिलं नव्हतं," तो म्हणाला. "तुमच्या धंद्यातलं माणूस इथे कधी बसलंच नव्हतं."

मी भाऊजींना घरी आणलं. ताईला काही सांगितलं नाही. सांगणार काय?

जेवायला बसलो. ताईनं भाजीला फोडणी दिली, मला ठसका लागायला हवा होता. लागला नाही. वास नव्हता. मी भाऊजींकडे बघितलं. ते घास हातात धरून थांबले होते.

मोरीच्या नळीतून आवाज आला...

दोन ठोके.

ताई म्हणाली, "वरचे लोक काय ठोकतायत या वेळेला?"

भाऊजी बसून राहिले. मी डोळ्यांनीच त्यांना नको म्हटलं. परत दोन ठोके आले. परत. मग ते जवळजवळ यायला लागले. मग थांबेचनात. भिंतीतून, नळातून, बेसिनखालून. कपाटातली भांडी हलायला लागली. आमच्या धंद्यात या ठोक्यांचा एकच अर्थ आहे. मला बाहेर काढा.

भाऊजींच्या कपाळावर घाम आला होता. ते उठले, बूट घातले.

"मला जाऊन येऊ दे," ते ताईला म्हणाले. "एक माणूस आत राहिलाय."

त्यांनी बोटीवर जाऊन दोन ठोके दिले तेव्हा इकडे घरातला आवाज थांबला. ताई मोरीच्या दारात उभी होती. तिनं मला विचारलं, "कोण राहिलाय आत? वर तर तू असतोस ना?"

मला सगळं सांगावं लागलं.

त्यानंतर भाऊजींचा मुक्काम त्या अडगळीच्या खोलीत पडला. ते बोटीवरून उतरले की घरात नळ्या वाजायला लागायच्या. ज्या घरात ते जातील त्या घरात. एकदा आम्ही त्यांना दूर, दुसऱ्या गावी घेऊन गेलो. तिथल्या लॉजच्या बाथरूममध्ये इतकं वाजलं की मालकानं आम्हाला हाताला धरून बाहेर काढलं.

टाकी परत परत उघडली. पाणी भरून बघितली, रंग लावून बघितली. ज्यानं जे सांगितलं ते केलं. टाकी रिकामीच.

मी म्हटलं, मी बदली होतो. आमच्यात वरचा बदलता येतो. नव्या माणसानं ठोका द्यायचा, आतल्यानं त्याला उत्तर दिलं की जुना मोकळा. मी पाना घेतला आणि दोन ठोके दिले.

शांतता.

परत दिले. जोरात दिले. हात दुखेपर्यंत दिले.

काही नाही.

भाऊजींनी माझ्या हातातून पाना घेतला. ठक... ठक्-किर्र.

लगेच आतून उत्तर आलं.

"मला ओळखतो तो," भाऊजी म्हणाले. त्यांचा आवाज दमलेला होता. "माझ्याच भरवशावर बसलाय."

"भाऊजी, तो मेलेला आहे."

"असेल. पण त्याला कुणी सांगितलं नसेल तर?"

 मी झाकणावर बसून रडलो. मोठा माणूस, मिशी असलेला, हमसून रडलो. भाऊजींनीच माझ्या पाठीवरून हात फिरवला.

ताई रोज डबा घेऊन यायची. गच्च भरलेला, जसं काही डबा जड असला की माणूस हलका होणार होता. त्यांच्याशेजारी खाली बसायची. घरातल्या गोष्टी सांगायची. नळ गळतोय, शेजारणीनं कुत्रा पाळलाय. भाऊजी ऐकायचे, हं हं करायचे, मध्येच उत्तर द्यायला वळायचे. निघताना ती मला प्रत्येक वेळी तेच विचारायची.

"कधी आणतोस ह्यांना घरी?"

शेवटी मी ठरवलं, टाकीच कापायची. टाकी राहिली नाही तर वाजणार कशात? पण तिचा तळ म्हणजे बोटीचाच तळ होता. पाण्यात असताना कापली तर बोट बुडणार. बोट किनाऱ्यावर ओढून घ्यावी लागणार होती. मालकीणबाईंची गिऱ्हाइकं कधीच पळाली होती. त्या म्हणाल्या, "कापा. माझ्या डोळ्यांसमोरून एकदाची जाऊ दे."

बोट ओढायचा दिवस ठरला. त्या सकाळी भाऊजींनी दाढी केली. ताईनं आणलेला धुतलेला शर्ट घातला. "संध्याकाळी घरी," मी म्हटलं. ते म्हणाले, "दार खरवडणार आज तुझ्या ताईचं."

बोट दोरांनी वर घेतली जात होती. मी त्यांच्याजवळून हललो नाही. मी त्यांचा वरचा होतो ना. पण अर्ध्या वाटेत एक दोर अडकला, बोट कलंडायला लागली. वरून आरडाओरडा झाला. मी जिन्यानं वर धावलो, दोर सोडवायला हात लावला, आणि तसाच परत फिरलो.

जिन्याच्या मध्यावर...

वास नव्हता.

खोलीत कुणी नव्हतं.

झाकणापाशी भाऊजींचे बूट होते. टोकं झाकणाकडे. मोजे आत नीट घडी करून ठेवलेले.

झाकण बंद होतं. बोल्ट बाहेरून आवळलेले. त्यातला एक तर मी आदल्या दिवशी वाकडा करून ठेवलेला, तो हातोड्याशिवाय फिरलाच नसता. आम्ही ते उघडलं. मी आत उडी मारली. मीटर नाही, मुखवटा नाही, दोरी नाही. रंग लावूनही आत परत गंजाची पावडर साचली होती. तिच्यावर एका पावलाचाही ठसा नव्हता.

खोलीला एकच दार, आणि त्या दाराच्या वाटेवर मी होतो.

पोलीस आले. पाणबुडे उतरले. बोट किनाऱ्यावर घेऊन तिची फळी न् फळी काढली. माझी तर इतकी चौकशी झाली की मलाच माझा संशय यायला लागला. मग टाकी कापली. माझ्यासमोर कापली. एकेक पत्रा सुटा करून वाळूत रचून ठेवला.

सगळे निघून गेले. ऊन होतं. मी त्या पत्र्यांसमोर बसून होतो. ताईला काय तोंड दाखवायचं, एवढंच डोक्यात होतं.

समोर नुसते पत्रे होते. टाकी नव्हती. आत-बाहेर असं काही उरलंच नव्हतं.

आणि त्या पत्र्यांतून आलं...

ठक... ठक्-किर्र.

ते कोण होतं हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

मी खरं सांगतो, मी पाना उचलला. मला माहीत होतं, एकदा उत्तर दिलं की माझी सुटका नाही. पण भाऊजी विचारत होते, तू आहेस ना? मी हात उचलला. तो खाली यायच्या आत...

उत्तर आलं.

माझं नव्हतं. पान्याचा आवाज नव्हता तो. पातळ होता. स्टीलवर स्टील वाजावं तसा.

मला तो आवाज ओळखीचा वाटला, पण कुठला ते आठवेना. मग आठवलं आणि मी पाना तिथेच टाकून पळत सुटलो.

ताई स्वयंपाकघरात होती. सिंकपाशी उभी. हातात आमटीचा डाव. तिच्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांनी हसू होतं.

"अरे, हे आलेत," ती म्हणाली. "दार खरवडावं तसं वाजवलं बघ. मी लगेच उत्तर दिलं."

"ताई, तू काय केलंस हे?"

"काय केलं म्हणजे? ह्यांनी विचारलं, मी हो म्हटलं." तिनं सिंकखालच्या नळीवर हात ठेवला. "तुमचा नियम मला माहीत आहे. ह्यांनीच सांगितलाय. आता मी वर आहे. तू दमला असशील, बस बाहेर."

तेव्हापासून ती स्वयंपाकघरातून बाहेर आलेली नाही. तिथेच जेवते, तिथेच अंथरूण टाकते. दोन ठोके आले की डाव उचलते. मी तिला उचलून नेऊन बघितलं. घरभर जे वाजायला लागलं, आणि तिनं माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं, त्यानंतर परत हात लावायची माझी हिंमत झाली नाही. ज्याच्यासाठी वाजतंय ते तिचंच माणूस आहे. तिला कुठल्या तोंडानं सांगू की उत्तर देऊ नकोस?

मी इथेच राहायला आलोय. बाहेरच्या खोलीत बसतो. तिच्यावर लक्ष ठेवतो. म्हणजे काय करतो, ते मलाही माहीत नाही. रोज सकाळी उठलो की पहिल्यांदा आत जाऊन बघतो, ताई आहे ना. मग तिची चप्पल बघतो, कुठे आहे आणि कशी ठेवलेली आहे. मग एक खोल श्वास घेतो. चहाचा, साबणाचा, कसला का होईना, वास आला की बरं वाटतं.

वास असेपर्यंत घाई नसते.

आत्ता हे लिहिताना समोर, स्वयंपाकघराच्या उघड्या दारात, धूर दिसला म्हणून मान वर केली. मघाशी गॅसवर दूध ठेवलं होतं. मी ठेवलं होतं आणि लिहिण्याच्या नादात विसरलो. ते उतू गेलंय, आटलंय, पातेल्याच्या बुडाला काळं ठिक्कर होऊन जळतंय. खोली धुरानं भरलीय. डोळ्यांतून पाणी येतंय.

मला कसलाच वास येत नाहीये.

"ताई," मी इथूनच हाक मारली.

ती उत्तर देत नाहीये.

धुरातून मला एवढंच दिसतंय, सिंकसमोर तिच्या चपला आहेत. टोकं नळीकडे.